हातात धरावयाचे चित्र



या व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी मला विषय विचारला आणि मी ‘टॅरोचे पत्ते’ असे उत्तर दिले, तेव्हा ते क्षणभर गप्प राहिले. मग अत्यंत सौजन्याने त्यांनी विचारले, “म्हणजे आपण भविष्य सांगणार का?” तुमच्यापैकी काहीजण त्याच आशेने, आणि काहीजण त्याच रागाने, या उन्हाळ्याच्या संध्याकाळी इथवर आले असतील. दोघांचीही क्षमा मागून आरंभीच सांगून टाकतो की, मला भविष्य सांगता येत नाही, आणि पत्त्यांवरून उद्याचे काही कळते असा माझा विश्वासही नाही. मी तीस वर्षे उपयोजित कला शिकवली. अक्षर कसे वळवावे, वेष्टन कसे असावे, औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी म्हाताऱ्या माणसाला रात्रीच्या उजेडात वाचता येईल की नाही, असल्या प्रश्नांत माझे आयुष्य गेले. आजही मला त्याच प्रश्नाबद्दल बोलावयाचे आहे. बाटलीऐवजी पत्ता घेतला आहे, इतकेच.

हा विषय माझ्या डोक्यात कसा शिरला ते आधी सांगतो, कारण त्यात माझी स्वतःची एक चूक आहे. काही वर्षांपूर्वी माझ्या एका विद्यार्थिनीने शेवटच्या वर्षाचे काम म्हणून टॅरोचा संपूर्ण जोड रंगविला. ७८ पत्ते म्हणजे ७८ चित्रे. काळ्याभोर पार्श्वभूमीवर सोनेरी रेषा. तीत पाने, पिसे, चंद्राच्या कला, नदीचे प्रवाह. कोणतेही चित्र उचलावे, चौकटीत बसवावे आणि दिवाणखान्यात लावावे, असे काम. मी हरखून गेलो. वर्गात सर्वांत अधिक गुण मी तिला दिले. पुढे तिने हौसेने थोडे जोड छापून घेतले आणि त्यांतला एक मला आणून दिला.

आमच्या घरी रविवारी दुपारी पत्त्यांचा अड्डा बसतो. माझी पत्नी, माझी थोरली बहीण अक्का, शेजारचे अण्णा आणि मी. मेंढीकोट हा आमचा मुख्य धर्म. त्या रविवारी मी मोठ्या अभिमानाने हा नवा जोड सतरंजीवर ठेवला. अक्काने तो उचलला आणि पिसावयास गेली, तो पत्ते हातातून निसटून चहूकडे झाले. पत्ता पोस्टकार्डाएवढा, तिच्या काय, माझ्याही पंजात मावेना. वरून दिव्याचा उजेड पडला की त्या गुळगुळीत काळ्या कागदावर दिवाच दिसे, चित्र दिसत नसे. प्याल्यांची अठ्ठी कोणती आणि नव्वी कोणती हे कळण्यासाठी बोट ठेवून प्याले मोजावे लागत, आणि ते वेलबुट्टीत असे गुंतलेले की मोजताना चूक होई. पत्त्यांच्या पाठीवर एक देखणा मोर होता. टॅरोत सुलट्या पत्त्याचा अर्थ निराळा आणि उलट्याचा निराळा. पण मोराचे डोके वर की खाली यावरून पत्ता उघडण्याआधीच त्याचे बिंग फुटे. अर्ध्या तासाने पाहतो तो कडांचा सोनेरी रंग सर्वांच्या बोटांना लागलेला. शेवटी पत्नी म्हणाली, “अहो, हे भिंतीवर लावायचे आहेत की खेळायचे?”

प्रश्न साधा होता, पण तो माझ्या वर्मी लागला. मी ती चित्रे लांबट टेबलावर मांडून, दोन हात दूर उभा राहून, एकेक करून पाहिली होती. ते पत्ते मी एकदाही पिसले नव्हते. जी वस्तू हातात धरण्यासाठी केली होती, तिला मी केवळ डोळ्यांनी गुण दिले होते. त्या मुलीच्या ठायी कौशल्य भरपूर होते. तिला जे विचारावयास हवे होते ते मी विचारले नाही, हा दोष माझा. तेव्हापासून मी या पत्त्यांच्या नादी लागलो, आणि जे पाहिले ते आज तुमच्यापुढे ठेवीत आहे.

प्रथम टॅरो म्हणजे काय ते पाहू. आपल्या नेहमीच्या ५२ पत्त्यांत चार रंग असतात : इस्पिक, बदाम, चौकट आणि किलवर. टॅरोतही चार रंग आहेत : प्याले, नाणी, तलवारी आणि सोटे. प्रत्येक रंगात एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा आणि वर राजा, राणी, घोडेस्वार व हुजऱ्या असे चार, म्हणजे १४ पत्ते. चार रंगांचे झाले ५६. यांखेरीज २२ पत्ते निराळे असतात : मूर्ख, जादूगार, सम्राट, प्रेमिक, न्याय, भाग्यचक्र, मृत्यू, मनोरा, सूर्य, चंद्र, जग वगैरे. हे २२ ही टॅरोची खासियत.

आता हे २२ कशासाठी होते? पुष्कळांना वाटते की, ते ईजिप्तच्या देवळांतले गूढ ज्ञान आहे. ही कल्पना आंत्वान कूर द गेबेलँ या फ्रेंच गृहस्थांनी १७८१ साली छापून प्रसिद्ध केली. ईजिप्तची चित्रलिपी वाचण्याची किल्ली शाँपोलियाँला सापडली १८२२ साली. त्यामुळे मधली ४१ वर्षे गेबेलँना खोटे पाडावयास जगात कोणी नव्हते, आणि तेवढ्या अवधीत कोणतीही आख्यायिका वयात येते! खरी हकीकत पुष्कळच साधी आहे. मायकेल डमेट या ऑक्सफर्डच्या तत्त्वज्ञाने १९८० साली एक मोठा ग्रंथ लिहून ती सप्रमाण मांडली. टॅरो हा पंधराव्या शतकात उत्तर इटलीत निघालेला पत्त्यांचा खेळ. त्यातले चित्रांचे पत्ते म्हणजे कायमचे हुकूम. आपण मेंढीकोटात हुकूम बोलतो. तिथे तो छापूनच येई. ‘मृत्यू’ हा पत्ता टाकून समोरच्याच्या राजाचा हात घ्यावयाचा, यापलीकडे त्याचा अर्थ नव्हता. फ्रान्समध्ये हा खेळ आजही आवडीने खेळतात.

आपल्या मंडळींना या खेळात एक ओळखीची खूण सापडेल. टॅरोच्या जुन्या खेळात तलवारी आणि सोटे या रंगांत दश्शी मोठी व एक्का लहान. उलट प्याले आणि नाणी यांत एक्का मोठा व दश्शी लहान. ही उलटापालट आपल्या गंजिफ्यातही आहे. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफ्यात दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकी राजा, प्रधान आणि दहा आकडे, असे १२० वाटोळे पत्ते. त्यांतील पाच रंगांत दश्शी वरचढ आणि पाच रंगांत एक्का. सावंतवाडीच्या राजवाड्यात आजही कारागीर हे पत्ते हाताने रंगवितात. तिथे गेलात तर एक गोष्ट मुद्दाम पाहा. प्रत्येक रंगाची पार्श्वभूमी निराळी असते. पत्ते हातात पंख्यासारखे धरले म्हणजे प्रत्येकाची नुसती किनार दिसते. पण त्या किनारीवरूनच खेळणाऱ्याला रंग कळतो. मासा किंवा कासव शोधावे लागत नाही. ज्या चिताऱ्याने हे प्रथम योजिले, त्याने पत्ते नुसते रंगविले नसणार, तो ते खेळलाही असणार.

आता इटलीकडे परत जाऊ. टॅरोचे सर्वांत प्रसिद्ध जुने पत्ते मिलानच्या व्हिस्कोंती आणि स्फोर्त्सा या राजघराण्यांसाठी पंधराव्या शतकाच्या मध्याला रंगविलेले आहेत. सोन्याचा वर्ख, उंची रंग, रेशमी वस्त्रांतल्या राण्या. त्या जोडातील ७४ पत्ते आज न्यूयॉर्क आणि बेर्गामो येथील संग्रहांत विभागले गेले आहेत. पत्त्याची उंची साडेसतरा सेंटिमीटरांच्या आसपास. त्यावर आकडा नाही, नाव नाही. आणि गंमत अशी की, या पत्त्यांना वरच्या बाजूला बारीक भोके आहेत. कधी काळी कोणी तरी ते टाचून लटकावले असावेत, असा तर्क केला जातो. हे वाचले तेव्हा मला माझ्या पत्नीच्या प्रश्नाची आठवण झाली. पाचशे वर्षांपूर्वी मिलानच्या एखाद्या गृहिणीनेही तोच निकाल दिला असेल!

याच्या अगदी दुसऱ्या टोकाला फ्रान्समधील ‘मार्सेय’ पद्धतीचे पत्ते. निकोला कॉन्व्हेर या कारागिराचा १७६० सालचा जोड त्यांत विशेष नावाजलेला. लाकडी ठशावर जाड काळी रेषा छापावयाची आणि कातरलेल्या साच्यातून चारपाच रंग फासावयाचे. हुकुमाच्या पत्त्यावर वर आकडा आणि खाली नाव. ना वर्ख, ना नाजुकपणा. पण पत्ता हातात आला की क्षणात ओळखावा. खेळण्यासाठी याहून सोयीची वस्तू काढणे कठीण. त्यात रंगांचे पत्ते मात्र साधे आहेत. प्याल्यांची पंजी म्हणजे पाच प्याले, तलवारीची छक्की म्हणजे सहा तलवारींची वेलांटी. खेळात आकडा कळला की काम झाले, म्हणून तेवढे पुरेसे होते.

पुढे मात्र असे झाले की, वस्तू तीच राहिली आणि तिचा उपयोग पालटला. गेबेलँच्या मागोमाग एतेया या टोपणनावाच्या पॅरिसच्या गृहस्थांनी १७८५ साली पत्त्यांवरून भविष्य पाहण्याचा ग्रंथ काढला, आणि टॅरोचा पत्ता खेळणाऱ्याच्या हातातून निघून प्रश्न विचारणाऱ्यासमोर आडव्या मेजावर येऊन पडला. एखादी वस्तू करणाऱ्याने इथे थांबून विचार करावयास हवा. खेळात पत्ता पंख्यासारखा धरला जातो, म्हणून त्याचा कोपरा महत्त्वाचा. मेजावर तो एकटा, पुरा दिसतो, म्हणून त्याचा मध्य महत्त्वाचा. खेळात पाच प्याले म्हणजे पाच. मेजावर मात्र समोरचे माणूस विचारते, “पाच प्याले म्हणजे काय?” आणि त्या पत्त्यावर उत्तर नसते.

उत्तर नाही म्हणजे ते पाठ करावे लागते. एतेयांनी यावर तोड काढली ती आपल्या पत्त्यांवर शब्दच छापण्याची : सुलट्या बाजूला एक, उलट्या बाजूला दुसरा. पत्त्याची जणू चिठ्ठी झाली. नाही तर मग ५६ पत्त्यांचे सुलटे-उलटे मिळून ११२ अर्थ डोक्यात भरून ठेवणारा तज्ज्ञ गाठावयाचा. म्हणजे प्रश्न ज्याचा आहे त्याला पत्ता दिसतो पण समजत नाही, आणि पत्ता ज्याला समजतो तो सांगेल ते मुकाट्याने ऐकावयाचे. हा मुद्दा ध्यानात ठेवा; मी त्याच्याकडे पुन्हा येणार आहे.

ही अडचण चित्राने सोडविली ती पामेला कोलमन स्मिथ या चित्रकर्तीने. स्मिथबाईंचा जन्म १८७८ सालचा, लंडनमधला. आईबाप अमेरिकन. बालपण काही इंग्लंडात, काही जमेकात. चित्रकलेचे शिक्षण न्यूयॉर्कजवळ ब्रुकलिनच्या प्रॅट संस्थेत. पुढे लंडनच्या लायसियम नाटकमंडळीशी, म्हणजे हेन्री आयर्विंग आणि एलन टेरी या प्रख्यात नटनटींशी, त्यांचा निकटचा संबंध आला. नेपथ्य, वेषभूषा, फिरतीचे दौरे हे सर्व त्यांनी जवळून पाहिले. छोटी खेळण्यातली रंगभूमी करून त्या तीवर नाटके लावीत. जमेकातील कोळ्याच्या लोककथा त्यांनी १८९९ साली पुस्तकरूपाने काढल्या, आणि त्या कथा तिथल्याच बोलीत त्या सभेत सांगतही. १९०७ साली आल्फ्रेड स्टिग्लिट्झ या छायाचित्रकाराने आपल्या न्यूयॉर्कमधील दालनात, जिथे तोवर छायाचित्रेच लागत, त्यांची चित्रे मांडली.

१९०९ साली आर्थर एडवर्ड वेट या गूढविद्येच्या लेखकाने त्यांच्याकडून टॅरोचा नवा जोड काढून घेतला, आणि वर्षअखेर लंडनच्या रायडर कंपनीने तो प्रसिद्ध केला. २२ मोठ्या पत्त्यांत काय असावे हे वेटसाहेबांनी बारकाईने सांगितले असावे. उरलेल्या ५६ पत्त्यांपैकी आकड्यांची ४० चित्रे बव्हंशी बाईंच्याच कल्पनेवर सोडली असावीत, असे बहुतेक अभ्यासक मानतात. त्या ४० पत्त्यांतच खरी क्रांती झाली. आकड्यांच्या पत्त्यांवर चित्रे काढण्याचा प्रयोग पूर्वी झाला नव्हता असे नाही. इटलीतील ‘सोला बुस्का’ नावाच्या जोडात तो पंधराव्या शतकाच्या अखेरीसच झाला होता. त्या पत्त्यांची छायाचित्रे १९०७ साली ब्रिटिश म्यूझियममध्ये आली, आणि बाईंनी ती पाहिली असली पाहिजेत. तीन तलवारींनी भोसकलेले हृदय त्या जुन्या पत्त्यातूनच आलेले दिसते. पण ऋण घेणे निराळे आणि त्यावर संसार उभा करणे निराळे.

प्याल्यांची पंजी घ्या. काळा झगा पांघरलेला एक माणूस मान खाली घालून उभा आहे. त्याच्यापुढे तीन प्याले कलंडलेले, मागे दोन उभे. पलीकडे नदी, नदीवर पूल, पुलापलीकडे घर. सोट्यांची दश्शी घ्या. दहा सोट्यांचा भारा कवटाळून एक माणूस वाकून चालला आहे; भाऱ्यामुळे त्याला पुढचे गाव दिसत नाही. तलवारींची छक्की : नावाडी, नावेत पाठमोरी बाई आणि मूल, आणि नावेतच उभ्या रोवलेल्या सहा तलवारी. नाण्यांची अठ्ठी : बाकावर बसून एकेक नाणे कोरीत असलेला कारागीर. यांत पाठ करण्यासारखे काय आहे? सोटे मोजावयाच्या आधी ओझे कळते.

यात नाटकाचा हात स्पष्ट दिसतो. पुष्कळ चित्रांत पुढे सपाट जमीन, मागे पडद्यासारखे दृश्य, आणि मध्ये एखाददुसरे पात्र, अशी मांडणी आहे. चेहऱ्यावरचा बारीक भाव शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकाला दिसत नाही; त्याला दिसते ती पाठीची कमान, मानेचा झोक, हाताची फेक. बाईंनी नेमके तेच काढले. म्हणून सात बाय बारा सेंटिमीटरांच्या पत्त्यावर, मेजाच्या पलीकडे बसलेल्या माणसालाही, चित्र कळते. ठसठशीत बाह्यरेषा, सपाट रंग, वर रोमन आकडा, आणि मोठ्या पत्त्यांवर खाली नाव. शिवाय रंगाची खूण नुसती दागिन्यासारखी न चिकटविता गोष्टीत गुंतविली आहे : प्याले सांडतात, सोटे उचलावे लागतात, तलवारी नावेत बसून बरोबर येतात. मोजणे आणि समजणे या दोन कामांचे इथे एक काम झाले आहे. पत्ता सोयीचा आहे तो नेमक्या त्याच कारणामुळे, ज्यामुळे तो चांगले चित्र आहे. सोय वेगळी आणि कला वेगळी, असे इथे करताच येत नाही.

तुलनेसाठी दुसऱ्या एका थोर चित्रकर्तीचे नाव घेतो. फ्रीडा हॅरिस या बाईंनी १९३८ ते १९४३ या काळात ॲलिस्टर क्रोली यांच्यासाठी ‘थॉथ’ या नावाचा जोड जलरंगांत रंगविला. ती मूळ चित्रे आज लंडनच्या वॉरबर्ग संस्थेत आहेत. दोघांच्या हयातीत तो जोड पत्त्यांच्या रूपाने बाजारात आलाच नाही. तो १९६९ साली आला. या हॅरिसबाईंनी उतारवयात आपल्या देशात वास्तव्य केले आणि १९६२ साली श्रीनगर येथे त्यांचे देहावसान झाले. त्यांची चित्रे रंगांच्या आणि भूमितीच्या दृष्टीने इतकी भरदार आहेत की, मी ती तासन्‌तास पाहिली आहेत. पण त्यांच्या आकड्यांच्या पत्त्यांत माणसे नाहीत. आकृती आहेत, आणि खाली एक शब्द आहे : ‘दुःख’, ‘पराभव’, ‘सुख’. या जोडावर प्रेम करणारे पुष्कळ आहेत आणि ते तो सहज वापरतात. पण त्यासाठी आधी अभ्यास करावा लागतो. नवख्याच्या हाती तो दिला की तो आकृती सोडून शब्द वाचतो. शब्द एकच अर्थ देतो आणि दार लावून घेतो. खाली मान घातलेला माणूस तसे करीत नाही.

इथे तुमच्यापैकी कोणी तरी मनात म्हणत असेल, “अहो, पण हे सारे अंधश्रद्धेचे सामान. ते वापरावयास सोयीचे असले काय आणि गैरसोयीचे असले काय! उलट गैरसोयीचे असेल तर बरे!” हा आक्षेप मला खरा वाटतो, आणि तो टाळून मला घरी जावयाचे नाही. ज्याच्या छातीत दुखते त्याने डॉक्टरकडे जावे, ज्याची जमीन कोर्टात आहे त्याने वकिलाकडे जावे, पत्त्यांकडे कोणीही जाऊ नये, असेच मी म्हणेन. पण मघाचा मुद्दा आठवा. पत्ता जितका दुर्बोध, तितका तो वाचून दाखविणारा प्रबळ. ज्या चित्रातून आपल्याला काहीच कळत नाही, त्या चित्राच्या आड बसून कोणीही आपल्याला काहीही सांगू शकतो, आणि दक्षिणाही घेऊ शकतो. चित्र स्वच्छ असले म्हणजे समोरचे माणूस म्हणू शकते, “थांबा, मला यात तसे दिसत नाही.” औषधाच्या चिठ्ठीचे, कराराच्या कागदाचे, सरकारी अर्जाचेही असेच आहे. जे वाचता येत नाही ते लहान माणसाला नेहमी मोठ्या माणसाच्या दारात उभे करते. म्हणून वस्तू समजेल अशी करणे हा मला केवळ सोयीचा प्रश्न वाटत नाही. त्यात समोरच्या माणसाचा मान आहे.

याचा प्रत्यय मला आमच्या सतरंजीवरच आला. त्या फजितीनंतर काही महिन्यांनी स्मिथबाईंचा जोड माझ्या हाती आला, आणि मी तो पुन्हा एका रविवारी ठेवला. अर्थ कोणालाच सांगितले नाहीत. अक्काने पिसला, या वेळी एकही पत्ता निसटला नाही. सहज एक काढून तिने सुलटा केला. ती प्याल्यांची पंजी होती. आदल्या वर्षीच आमचे मेहुणे वारले होते. अक्का चष्मा सारखा करून बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, “अरे, हा सांडलेल्याकडेच बघत बसलाय. मागे दोन उभे आहेत, ते याला कोणी सांगत का नाही?” कोणी काही बोलले नाही. थोड्या वेळाने तिने आपणहून मेहुण्यांचा विषय काढला. वर्षभरात ती त्यांच्याबद्दल प्रथमच बोलत होती. पत्त्याने तिला भविष्य सांगितले नाही. वेटसाहेबांनी आपल्या पुस्तकात या पत्त्याचा काय अर्थ दिला आहे, हेही तिला ठाऊक नव्हते. एका इंग्रज बाईने शंभराहून अधिक वर्षांपूर्वी काढलेले चित्र आमच्या अक्काला दुभाष्यावाचून कळले, एवढेच झाले. मला विचाराल तर तेवढे पुष्कळ झाले.

आता त्या बाईंचे पुढे काय झाले ते सांगून संपवितो. नोव्हेंबर १९०९ मध्ये त्यांनी स्टिग्लिट्झना पत्राने कळविले की, एक मोठे काम फार थोड्या पैशांत नुकतेच पुरे केले आहे. पुढे त्यांनी कॅथलिक पंथ स्वीकारला, कॉर्नवॉलमध्ये जाऊन राहिल्या, आणि १९५१ च्या सप्टेंबरात ब्यूड या गावी वारल्या. मागे कर्ज राहिले होते. ते फेडण्यासाठी त्यांचे सामान विकावे लागले. त्यानंतर वीस वर्षांच्या आत त्यांचा जोड अमेरिकेत नव्याने छापला जाऊन घरोघर गेला. आज जगात निघणारे कितीतरी नवे जोड त्यांचीच मांडणी गिरवतात. पण कित्येक दशके त्याला लोक म्हणत आले ‘रायडर-वेट’. रायडर म्हणजे प्रकाशक, वेट म्हणजे लेखक. जिने ७८ चित्रे काढली तिचे नाव त्यात नाही! २००९ साली, शताब्दीच्या निमित्ताने, एक आवृत्ती निघाली तिला ‘स्मिथ-वेट’ हे नाव मिळाले, आणि आता पुष्कळ जण तिघांचीही नावे जोडून घेतात.

तरीही मी म्हणेन की, बाईंनी आपली सोय आधीच करून ठेवली होती. पत्त्याच्या कोपऱ्यात, दगडात, गवतात, पाण्याच्या रेषेत नीट पाहा. तिथे पी, सी आणि एस ही तीन अक्षरे एकमेकांत गुंफून, वेलीच्या आकड्यासारखी, काढलेली आहेत. नाव खोक्यावरून गेले, पण चित्रावरून कोणालाही काढता आले नाही. आपल्याकडे लग्नपत्रिका, कॅलेंडरे, काड्यापेट्या, पुस्तकांची वेष्टने आणि गंजिफाही काढणाऱ्या किती हातांची नावे आपल्याला सांगता येतील? ज्या वस्तू आपण रोज हाताळतो, त्या कोणी तरी आपल्या हाताचा विचार करून केलेल्या असतात. हा विचार चांगला केला असेल, तर तो आपल्या लक्षातही येत नाही. आणि लक्षात येत नाही म्हणूनच करणाऱ्याचे नाव विसरले जाते.

माझ्या त्या विद्यार्थिनीला मी बोलावून घेतले आणि माझी चूक कबूल केली. ती रागावली नाही. म्हणाली, “सर, तेव्हाच पत्ते पिसायला सांगितलं असतं तर!” पुढे दीड वर्ष खपून तिने तो जोड पुन्हा काढला. पत्ता लहान केला, कागद खरखरीत घेतला, पाठीवरचा मोर काढून वरून आणि खालून सारखीच दिसणारी नक्षी घातली. वेलबुट्टीतून प्याले सोडविले आणि माणसांच्या हाती दिले. पहिल्या जोडाइतका तो भिंतीवर शोभणार नाही. तिने तो माझ्या घरी आणला तेव्हा मी गुण देण्याची घाई केली नाही. मी तो अक्काच्या हातात दिला, आणि ती पिसेपर्यंत वाट पाहिली. मग त्या मुलीला एवढेच विचारले, “यावर तुझे नाव कुठे आहे?” तिने सोट्यांची दुर्री काढली आणि सोट्याच्या सालीवर कोरल्यासारखे एक बारीकसे अक्षर दाखविले.